पहिल्या पाचांत

"हो की नाही, एवढंच सांग रॉयस. बाकीचं पुराण नको," असं म्हणत ग्लेनाने ग्रेव्हीचं भांडं टेबलावर आपटलं. तिच्या वडिलांची कॉफी बशीत हिंदकळली.

रॉयस टॅकेटने पावासारखं मऊ, गरम बिस्किट मधोमध उघडलं, लोणी लावलं, पुन्हा मिटलं आणि तसंच ताटलीत ठेवून दिलं. हा माणूस दहा वर्षं कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा हेड कोच होता. कोर्टाच्या कडेला उभा राहून ओरडला की वरच्या रांगेतली झोपलेली पोरं जागी व्हायची. पण स्वैपाकघरात बायकोने असं समोरासमोर धरलं की त्याची दातखीळ बसायची, ती लग्नाच्या पहिल्या वर्षापासून.

"असं हो-नाही नसतं ते," तो म्हणाला. "आजचा सामना जरा..."

"आजचा सामना घरच्या कोर्टावरचा शेवटचा आहे. शेवटच्या वर्षाची पोरं पहिल्या पाचांत उतरतात. तूच ठेवलीस ना ही पद्धत? त्या पोस्टमास्तरच्या पोराला धड पळता येत नव्हतं, त्यालाही उतरवलंस. त्याची आई रडली होती बिचारी. मग माझ्या पोराने काय घोडं मारलंय?"

माझ्या पोराने म्हणजे वेसने. दोघांचा एकुलता एक. तो सकाळीच जिममध्ये गेला होता म्हणून हे बोलणं चाललं होतं, नाहीतर त्याच्यासमोर कोणी चकार शब्द काढला नसता. यंदा शेवटच्या वर्षाची चार पोरं. तिघं रोजचीच खेळणारी, त्यांचा प्रश्न नव्हता. चौथा वेस. चार वर्षं तो बापाच्या बेंचवर बसला होता. सामना जिंकून झाला, लोक गाड्यांच्या किल्ल्या शोधायला लागले, की त्याला मिनिटभर आत पाठवायचं, हा त्याचा खेळ.

"उतरव की रे," डॉयल भरल्या तोंडाने म्हणाला. डॉयल म्हणजे ग्लेनाचा थोरला भाऊ आणि रॉयसचा असिस्टंट. "दोन मिनिटांत काय आभाळ कोसळतंय?"

"दोन मिनिटांत आठ पॉइंट मागे पडतो माणूस. तुला माहितेय, मला माहितेय."

"आणि प्रेंटिससाहेबांना दिसतं. ते सांग ना! उगाच आठ पॉइंटचं नाव कशाला पुढे करतोस?"

रॉयसने मिटलेलं बिस्किट पुन्हा उघडलं. खोटं काय होतं त्यात? प्रेंटिस हा डोंगरापलीकडच्या मोठ्या विद्यापीठाचा क्रीडाप्रमुख. तिथला कोच गेल्या आठवड्यात नोकरी सोडून गेला होता आणि प्रेंटिस आज दुपारी रॉयसला पाहायला येणार होता. बावीस हजार खुर्च्यांचं जिम, दर शनिवारी टीव्ही. रॉयसचा सगळा प्रवास ज्या गावाच्या दिशेने चालला होता, ते गाव एकदाचं समोर दिसायला लागलं होतं.

आणि प्रवास तरी कसला! बाप खाणीत, थोरला भाऊ खाणीत, आणि हाही पंधराव्या वर्षी डोक्याला दिवा बांधून उतरायचाच. पण हायस्कूलचे कोच ऑर्व्हिल कॉम्ब्स दारात येऊन उभे राहिले आणि त्याच्या बापाला म्हणाले, "हा पोरगा खाणीत गेला तर मी या गावात पुन्हा शिट्टी फुंकणार नाही." त्या काळी त्या खोऱ्यात असं बोलणं म्हणजे पाद्रीबुवांनी प्रार्थना बंद करतो म्हणण्यासारखंच होतं. रॉयस खेळला, चांगला खेळला. पुढे कॉलेजात गुडघा गेला. मग ऑर्व्हिलनीच त्याला हाताखाली घेतलं. आपल्या मुलीशी, ग्लेनाशी, लग्नही लावून दिलं. मग एका विद्यापीठात त्याने दोन वर्षं खेळाडूंचे घामट कपडे धुतले, आणि त्यानंतर या कॉलेजात असिस्टंट, त्या कॉलेजात असिस्टंट. हेड कोचला हाकललं की असिस्टंटचंही चंबूगबाळं रस्त्यावर. प्रत्येक घराच्या खिडक्यांची मापं वेगळी, म्हणून शेवटी ग्लेनाने पडदे शिवणंच सोडलं होतं. "चादर टांगू," म्हणायची, "चादर सगळीकडे बसते."

या धावपळीत वेस वाढला. म्हणजे ग्लेनाने वाढवला. रॉयस टीमसाठी पोरं शोधत कायम कुणा दुसऱ्याच्या दिवाणखान्यात बसलेला असायचा. एखाद्या उंच पोराच्या आईने दिलेला केक खात तिला सांगत असायचा, तुमचा मुलगा तो माझा मुलगा. वेसला फार लवकर एक गोष्ट कळली होती. बापाला रोज बघायचं असेल तर त्याच्या टीममध्येच असायला हवं. दुसऱ्या एका छोट्या कॉलेजात त्याला रोज खेळायला मिळालं असतं, बोलावणंही आलं होतं. त्याने ते नाकारलं आणि इथे येऊन बसला, अगदी शब्दशः बसला.

"डॅडी, तुम्ही तरी सांगा याला," ग्लेना वडिलांकडे वळली.

ऑर्व्हिल ब्याऐंशी वर्षांचे झाले होते. चाकाच्या खुर्चीत बसत, पण जेवताना अजून पाठ ताठ. सगळे थांबले. या घरात ऑर्व्हिल बोलेपर्यंत कुठलाच वाद मिटत नसे.

"मी काय सांगणार?" ते म्हणाले. "शाळेच्या शेवटच्या सामन्यात मी डॉयलला उतरवलं नव्हतं."

झालं! कॉम्ब्स घराण्यात हा विषय टेबलावर कधीच निघत नसे. आज म्हाताऱ्याने तो आपण होऊन मांडला, तोही मीठ मागावं तसा.

"आणि हरलात," डॉयल म्हणाला.

"हरलो. तू असतास तर आणखी हरलो असतो." ऑर्व्हिल हसले आणि बिस्किटाचा तुकडा ग्रेव्हीत बुडवला. "आजही तेच करीन. कोच म्हणजे कोच. बापपण घरी."

डॉयलची मान कानापर्यंत लाल झाली. छप्पन्न वर्षांचा माणूस, नातवंडं असलेला, आणि मान अगदी शाळकरी पोरासारखी लाल. रॉयसला ते बघवेना. कारण त्या दिवशी डॉयलच्या जागी जो उतरला होता तो दुसरातिसरा कोणी नव्हता, रॉयसच होता. आणि दहा वर्षांपूर्वी या कॉलेजने ऑर्व्हिलना एखादं नाव सुचवा म्हटलं, तेव्हाही त्यांनी मुलाचं नाव न देता जावयाचं दिलं होतं. डॉयलने दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं, "मला घेशील का हाताखाली?"

"उतरवतो," रॉयस म्हणाला.

"काय?" ग्लेनाने वळून पाहिलं.

"वेसला उतरवतो पहिल्या पाचांत. म्हटलं ना!"

"चुकतोयस," ऑर्व्हिल म्हणाले.

"असू दे, कोच."

ग्लेनाने येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि केस विस्कटले. बऱ्याच वर्षांनी. डॉयलने गुपचूप सॉसेजची बशी त्याच्याकडे सरकवली. ऑर्व्हिलना आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटल्याचा आनंद रॉयसला असा झाला, की जिमला जाताना तो गाडीत चक्क शीळ घालत होता.

सामन्याआधी शेवटच्या वर्षाच्या पोरांचा मान असतो. एकेकाचं नाव पुकारतात, आईबाप पोराला घेऊन कोर्टाच्या मधोमध येतात, आईला फूल मिळतं, कोच हात मिळवतो, फोटो निघतो. तीन कुटुंबं येऊन गेली. मग वेसचं नाव पुकारलं गेलं आणि ग्लेना कोर्टावर येणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी एका बाजूला वेसला धरून दुसरी बाजू मोकळी ठेवून उभी राहिली. तिने मानेने खूण केली, ये इकडे.

रॉयस मधोमध उभा होता, कोचच्या जागी. त्याला खूण दिसली. जायला किती पावलं होती? पण त्याची नजर तिसऱ्या रांगेकडे गेली. तिथे करड्या सुटात प्रेंटिस पाय पसरून बसला होता. रॉयस जागचा हलला नाही. शेवटी डॉयल धावत गेला आणि ग्लेनाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला. मामाभाचे चालत आले, मधे आई. आणि रॉयसने आपल्याच पोराशी हात मिळवला.

"थँक यू, कोच," वेस म्हणाला. पहिल्या वर्षी रॉयसनेच दम दिला होता, कोर्टावर मला डॅडी म्हणायचं नाही. पोरगं इतकं आज्ञाधारक की घरीही म्हणेनासं झालं.

"नीट खेळ," रॉयस म्हणाला. ग्लेनाने हातातलं फूल असं धरलं होतं की आता त्याचं काय करावं ते तिला कळत नसावं.

बॉल उडाला. सामना सुरू झाला आणि पहिल्याच फेरीत वेसच्या हातून त्याने अडवायचा खेळाडू निसटला. दोन पॉइंट. मग वेसने दिलेला पास वाटेतच कोणीतरी हिसकला. आणखी दोन. चार-शून्य. जिममध्ये कोणी काही म्हणालं नाही, पण न म्हणणंही ऐकू येतं. रॉयस प्रेंटिसकडे बघणार नव्हता, तरी त्याने बघितलंच. प्रेंटिस शेजारच्या माणसाशी काहीतरी बोलत होता.

तिसऱ्या फेरीला बॉल फिरत फिरत कोपऱ्यात वेसकडे आला. त्याच्या आसपास चिटपाखरू नव्हतं. हा पोरगा नेम धरील असं समोरच्यांच्या मनातही आलं नव्हतं, म्हणून त्यांनी त्याला मोकळा सोडला होता. वेसचे गुडघे वाकले, बॉल कपाळापर्यंत गेला. रॉयसला त्या क्षणी एवढंच दिसलं, की हा चुकणार, बॉल त्यांना मिळणार आणि सहा-शून्य होणार. विचार असा काही केलाच नाही त्याने. हात आपोआप वर गेले, एकावर एक आडवे पडले, आणि घशातून आवाज फुटला, "टाइम-आउट! टाइम-आउट!"

शेजारीच उभ्या असलेल्या रेफरीने शिट्टी फुंकली. बॉल तेव्हा वेसच्या हातात होता. मग तो सुटला, उंच गेला आणि कडीला न शिवता जाळीतून खाली आला.

अख्खं जिम उठून उभं राहिलं. पोस्टमास्तरीणबाई उड्या मारत होत्या. ग्लेनाचे दोन्ही हात वर गेले होते. आणि रेफरीने हात हलवून सांगितलं, नाही, मोजायचं नाही, शिट्टी आधी. लोक खाली बसायला लागले. ग्लेना सगळ्यात शेवटी बसली.

वेस चालत आला. रॉयसला वाटलं, आता हा माझ्याकडे बघेल. वेसने टॉवेल घेतला, बेंचच्या टोकाला आपल्या नेहमीच्या जागी बसला आणि त्याच्या जागी उतरणाऱ्या पोरासाठी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, हेच वाईट.

"शेवटी डॅडींच्याच वळणावर गेलास," डॉयल कानाशी म्हणाला. "ते निदान खोटं तरी बोलले नव्हते."

सामना त्यांनी एकोणीस पॉइंटनी जिंकला. एकोणीस! ते चार पॉइंट कुठल्या कुठे वाहून गेले. वेस अर्धा वेळ खेळला असता तरी जिंकलेच असते. शेवटची चार मिनिटं राहिली तेव्हा रॉयस बेंचच्या टोकाशी गेला आणि म्हणाला, "वेस, जा. ऊठ."

"ज्युनियरला पाठवा, कोच. त्याला पुढच्या वर्षी खेळायचंय. माझं काय आता?"

"जा म्हणतो ना मी."

"खरंच नको," वेस म्हणाला. आवाजात राग नव्हता, समजूत होती. रॉयसने ज्युनियरला पाठवलं.

नंतर बोळात प्रेंटिसने त्याला गाठलं आणि त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "मी बऱ्याच लोकांना पाहून आलो, टॅकेट. सगळे चांगले आहेत. पण तो टाइम-आउट घेतलात ना, तेव्हाच माझं ठरलं. स्वतःचा मुलगा, आई समोर बसलेली, आणि तरी काढलात! असा माणूस हवा आम्हाला. मंगळवारी घोषणा करू?"

रॉयसने या वाक्याची जन्मभर वाट पाहिली होती. रात्ररात्र गाडी हाकताना ते कसं असेल, आपण काय उत्तर देऊ, हे त्याने किती वेळा घोकलं होतं. आता तो नुसता "थँक यू, सर" म्हणाला.

संध्याकाळचं जेवण ऊन असतानाच मांडलं गेलं. सूप बीन्स, मक्याचा पाव, तळलेली कोंबडी, केळ्याचं पुडिंग. ग्लेनाने सगळं पोरासाठी आदल्या दिवसापासून केलेलं. रॉयसने बातमी सांगितली. ऑर्व्हिलनी खुर्ची ढकलत त्याच्यापर्यंत आणली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

"शाब्बास! सकाळी वाटलं होतं, हातचा गेलास. पण नाही, माझाच शिष्य."

ही थापही रॉयसने जन्मभर मागितली होती. एकाच दिवशी सगळं पदरात पडत होतं, आणि त्याच्या ताटलीतली कोंबडी तशीच पडून होती.

"मी येत नाही तिकडे," डॉयल म्हणाला.

"डॉयल, ऐक तर खरं. पहिला असिस्टंट म्हणून..."

"एकदा बापाच्या बेंचवर बसलो, मग मेहुण्याच्या. पुरे झालं, बाबा. मी आता नातीला झोके देतो."

"ग्लेना?" रॉयस म्हणाला.

"मी येईन. बायको आहे, जाते कुठे?" ग्लेना पुडिंग वाढत राहिली. "पण या खेपेला खोकी तू भर. मी एका वाटीलाही हात लावणार नाही."

तेवढ्यात वेस आला. केस ओले, खांद्यावर बॅग. त्याने आजोबांच्या गालावर ओठ टेकले, मामाला कोपरखळी मारली, ताटली भरून घेतली. खात बसला तो सरळ, भूक लागलेल्या माणसासारखा.

"बोल त्याला," ग्लेना म्हणाली. "वेस, मी तुझ्याशी बोलतेय. शिव्या घाल. आज मी आडवी येणार नाही."

"कशाला, मम्मी?"

"कशाला! माझ्या डोळ्यांदेखत..."

"चार-शून्य मागे होतो. दोन्ही वेळा चूक माझीच. मी कोच असतो तर मीही थांबवलं असतं." त्याने पावाचा तुकडा मोडला. "उलट एक फेरी आधीच थांबवलं असतं."

ऑर्व्हिल खुशीत मान डोलवू लागले. रॉयसला मात्र पोराने ताटली भिंतीवर फेकलेली चालली असती. मी तुझं तोंड बघणार नाही म्हटलेलं चाललं असतं. त्याने जिमपासून घरापर्यंत तशी तयारी केली होती, माफीचे शब्दही जुळवून ठेवले होते. आता ते कुणापुढे बोलायचे? पोरगं तर म्हणत होतं, बरोबर केलंत.

"गेला होता रे आत," रॉयस म्हणाला. "मी पाहिला."

"शिट्टीनंतर," वेस म्हणाला, आणि मग काटा खाली ठेवला. "कोच, एक विचारू? तिकडे तुम्हाला हाताखाली कोणीतरी लागेल ना? पडेल ते काम करीन. कपडे धुवायला लावलेत तरी चालेल. तुम्हीही तसेच सुरू झालात ना?"

पहिल्यांदा ग्लेनाच बोलली. "नाही म्हण, रॉयस." तिचा आवाज एकदम खाली आला होता. "सकाळी मी तुझ्याकडे त्याच्यासाठी भांडले. आता पाया पडते, नाही म्हण. त्याला दुसरं काहीतरी होऊ दे. घर असलेलं काहीतरी."

"घे रे त्याला," ऑर्व्हिल म्हणाले. "रक्तातच आहे."

डॉयल भाच्याकडे बघत होता, आणि दहा वर्षांपूर्वी दारात उभं राहून आपण काय विचारलं होतं ते त्याला आठवत असावं.

रॉयसला सगळं स्वच्छ दिसत होतं. ग्लेना खरं सांगत होती. या पोराला कोच व्हायचं नव्हतं, त्याला फक्त बाप जिथे असतो तिथे असायचं होतं. नाही म्हणणं हीच माया होती. पण वेसच्या तोंडाकडे बघितलं तर तो श्वास रोखून बसला होता, आणि रॉयसला आठवलं की आज आपण याला एकदा थांबवलंय. दुपारी एकदा आणि संध्याकाळी पुन्हा एकदा? तेवढी छाती त्याच्यात नव्हती.

"लागेल," तो म्हणाला. "ये."

वेसचा चेहरा असा फुलला, की दुपारी नाव पुकारलं तेव्हाही तसा फुलला नव्हता. ग्लेना उठली, पुडिंगचं भांडं उचललं आणि नळ मोठा सोडून सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिली.

"मग आजची टेप मीच कापतो," वेस म्हणाला. बॅगेतून त्याने सामन्याची व्हिडिओ टेप काढलीसुद्धा. "आत्ताच बसतो खाली. सराव होईल. नुसता खेळ ठेवायचा, शिट्टीपासून पुढच्या खेळापर्यंतचं सगळं काढून टाकायचं, बरोबर ना?"

"बरोबर," रॉयस म्हणाला. आणि पोरगं जिन्याशी पोचल्यावर म्हणाला, "वेस, एक ठेव."

"कुठलं?"

"पहिल्या टाइम-आउटचं. शिट्टीनंतरचं."

वेस हसला, अगदी साधं, मोकळं. "ते कशाला? मोजलंच नाही ते. उगाच टेप लांबते."

तो दोन-दोन पायऱ्या उतरत तळघरात गेला. ग्लेनाने नळ बंद केला, पण वळली नाही. थोड्या वेळाने खालून जिममधल्या माणसांचा आवाज आला, सगळे एकदम उठून ओरडत होते, आणि तो मधेच तुटला.